गटाच्या बायका खाडीत वल्ही मारतात

बचत गट म्हणजे काय, हे धाराशिवकडच्या बाईला सांगायला नको. १९९३ च्या भूकंपानंतर इकडच्या गावांत घरदुरुस्तीच्या कामी बायका पुढे होत्याच. पण गटाने खाडी राखली, हे ऐकले आहे का?

सिंधुदुर्गात वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत 'स्वामिनी' गटाच्या बायकांनी २०१७ साली कांदळवन सफर सुरू केली. पाहुण्यांना होडीत बसवायचे, वल्ही स्वतः मारायची, आणि कोणते झाड कोणते ते दाखवायचे! मदत संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाची. घाम मात्र यांचा.

कांदळवन म्हणजे खाऱ्या चिखलातली झाडे. त्यांतल्या कित्येकांची मुळे श्वासासाठी चिखलातून वर येतात. त्याच जाळीत कोळंबी नि खेकड्यांची पिल्ले वाढतात. झाडे जळणाला तोडली, तर उद्या कालवणात घालायचे काय? नुसत्या उपदेशाने कोयता थांबत नाही, असे आमचे मत. उभे झाड चार पैसे देऊ लागले, की राखणारेही मिळतात.

सुट्टीत मुलांना घेऊन कोकणात जाणार असाल, तर आधी चौकशी करा, आणि भरतीची वेळ जरूर विचारा.