नवीन यूट्यूब चॅनल वाढवायचं कसं? आधी ४००० तासांचं गणित समजून घ्या

नवीन यूट्यूब चॅनल सुरू केलं की पहिल्या आठवड्यात घरचे, मित्र आणि शेजारी मिळून पन्नास-साठ सबस्क्रायबर होतात. मग आकडा तिथेच अडकतो. दहा-बारा व्हिडिओ टाकूनही व्ह्यूज वाढत नाहीत. काही जण इथेच कंटाळून सोडून देतात, तर काही 'तू मला सबस्क्राइब कर, मी तुला करतो' वाल्या ग्रुपमध्ये शिरतात. या दोन्हींपैकी काहीही करण्याआधी एक साधं गणित बघूया.

जाहिरातींचे पैसे कधी सुरू होतात?

त्यासाठी यूट्यूब पार्टनर प्रोग्रॅममध्ये जावं लागतं. अट आहे १००० सबस्क्रायबर आणि त्यासोबत खालीलपैकी एक गोष्ट:

• मागच्या १२ महिन्यांत ४००० तासांचा पब्लिक वॉच टाइम
• किंवा मागच्या ९० दिवसांत शॉर्ट्सवर १ कोटी व्ह्यूज

५०० सबस्क्रायबरचा एक अलीकडचा टप्पाही आहे. त्यात मेंबरशिप, सुपर थँक्स अशा गोष्टी मिळतात, पण जाहिरातींचा वाटा मिळत नाही.

इथे तीन गोष्टी नवीन लोकांना उशिरा कळतात. एक, शॉर्ट्स फीडमध्ये बघितलेला वेळ ४००० तासांत धरला जात नाही. दोन, १२ महिन्यांपूर्वीचे तास रोज गळत जातात, म्हणजे मध्येच सहा महिने थांबलात तर आधीची कमाई कमी होत जाते. तीन, जुना व्हिडिओ 'बरा नाही' म्हणून डिलीट किंवा प्रायव्हेट केला, तर त्याचे तासही जातात.

आता गणित

समजा, यूट्यूबने तुमच्या एका व्हिडिओचा थंबनेल १०,००० वेळा लोकांसमोर दाखवला. याला इम्प्रेशन म्हणतात. त्यातल्या ४ टक्के लोकांनी क्लिक केलं, म्हणजे ४०० व्ह्यूज. प्रत्येकाने सरासरी ३ मिनिटं बघितलं, म्हणजे १२०० मिनिटं, म्हणजे फक्त २० तास. या वेगाने ४००० तासांसाठी असे २०० व्हिडिओ लागतील!

आता तेवढ्याच इम्प्रेशनवर क्लिक ८ टक्के झाले आणि सरासरी ६ मिनिटं बघितलं गेलं, तर एका व्हिडिओचे ८० तास होतात. म्हणजे ५० व्हिडिओ पुरतात. आकडे उदाहरणादाखल घेतले आहेत, पण मुद्दा लक्षात घ्या: दोन गोष्टी दुप्पट झाल्या की काम चौपट सोपं होतं. शिवाय लोक क्लिक करून टिकून बघतायत हे दिसलं, की यूट्यूब तो व्हिडिओ आणखी लोकांना दाखवतं. म्हणून सबस्क्रायबरचा आकडा दिवसातून दहा वेळा बघण्यापेक्षा हे दोन आकडे बघा. दोन्ही यूट्यूब स्टुडिओच्या अॅनालिटिक्समध्ये फुकट दिसतात.

क्लिक कसे वाढवायचे?

यूट्यूबच्याच माहितीनुसार निम्म्या चॅनल आणि व्हिडिओंचा क्लिक रेट २ ते १० टक्क्यांच्या दरम्यान असतो. त्यामुळे ४-५ टक्के आले तर घाबरू नका.

• थंबनेलवर तीन-चार शब्दच ठेवा आणि ते मोबाइलवर लहान करून वाचून बघा. बहुतेक लोक तिथेच बघणार आहेत.
• टायटलमध्ये लोक शोधताना जे शब्द वापरतात तेच वापरा. 'भूमी अभिलेख मार्गदर्शन भाग १' कोणी शोधत नाही. '७/१२ उतारा मोबाइलवर कसा काढायचा' हे शोधतात.
• बरेच मराठी लोक इंग्रजी अक्षरांत मराठी टाइप करतात. डिस्क्रिप्शनमध्ये तसंही एक वाक्य टाका.

सुरुवातीला तुमचं नाव कोणाला माहीत नसतं. त्यामुळे नुसत्या गप्पांचा व्हिडिओ चालणं अवघड असतं. एखादी ठरावीक अडचण सोडवणारा व्हिडिओ मात्र सर्चमधून महिनोन्महिने व्ह्यूज आणू शकतो.

लोकांना टिकवायचं कसं?

प्रत्येक व्हिडिओचा ऑडियन्स रिटेन्शन ग्राफ उघडा. नवीन चॅनलमध्ये बऱ्याचदा पहिल्या ३० सेकंदांतच मोठी घसरण दिसते. कारण काय? २० सेकंदांचा फिरता लोगो आणि मग 'व्हिडिओ आवडला तर लाइक करा'. अहो, अजून बघितलाच नाही तर आवडणार कसा? थेट विषयावर या. ७/१२ चा व्हिडिओ असेल तर पहिल्या दहा सेकंदांत तयार उतारा स्क्रीनवर दाखवा, मग तो कसा काढला ते सांगा.

ग्राफ जिथे अचानक पडतो तिथे जाऊन आपण काय बोलत होतो ते ऐका. पुढच्या व्हिडिओत तेवढी एकच गोष्ट सुधारा. आणि महागडा कॅमेरा ईएमआयवर घेऊ नका, आधी स्वस्तातला कॉलर माइक घ्या. चित्र थोडं कमी चाललं तरी लोक बघतात, पण आवाज नीट आला नाही तर लगेच निघून जातात.

सबस्क्रायबर विकत घ्यावेत का?

अजिबात नाही. अदलाबदलीचे किंवा विकतचे सबस्क्रायबर यूट्यूबच्या नियमात बसत नाहीत. ते काढले जाऊ शकतात, चॅनलवर कारवाईही होऊ शकते. आणि समजा टिकले, तरी ते तुमचा व्हिडिओ बघणार नाहीत. १००० चा आकडा दिसेल, पण ४००० तास तिथेच अडकलेले राहतील.

मग सुरुवात कुठून करायची?

एकच विषय निवडा आणि आठवड्याला एक व्हिडिओ, असं तीन महिने जमेल तेवढंच ठरवा. नोकरी किंवा कॉलेज सांभाळून रोज एक व्हिडिओ ठरवलात तर दुसऱ्या आठवड्यातच दम लागेल. प्रत्येक व्हिडिओनंतर वहीत तीन आकडे लिहा: इम्प्रेशन, क्लिक रेट आणि सरासरी बघितलेला वेळ. बारा व्हिडिओंनंतर ही वही उघडा. शेवटचे दोन आकडे वर सरकत असतील, तर सबस्क्रायबर ८० असले तरी चॅनल सोडू नका. ते जागचे हलले नसतील, तर चॅनल बंद करण्याआधी विषय किंवा मांडणी बदलून बघा.