शेतकऱ्याची लांकडी होडी आणि गळाचा छंद

समुद्र आपल्या धाराशिव जिल्ह्यापासून सुमारें ३०० किलोमीटर दूर. त्यामुळें होडी व गळ हा कोंकणचा विषय आहे, आपल्या कोरडवाहू मुलखाशीं त्याचा संबंध काय, असें पुष्कळांस वाटेल. परंतु स्वातंत्र्यानंतरच्या काळांत आपल्या मुलखाचें रूप बरेंच पालटलें. शेजारच्या बीड जिल्ह्यांत धनेगाव येथें मांजरेवर, माकणी येथें तेरणेवर, परंडा तालुक्यांत कोळेगाव येथें सीनेवर आणि नळदुर्गाजवळ बोरीवर धरणें झालीं. लहान साठवण तलाव तर अनेक आहेत. पाणी आलें, मागोमाग मासे आले. परंतु पाण्यावर वावरण्याची विद्या त्यांच्याबरोबर आली नाहीं. पलीकडच्या कांठाचें शेत गांठण्यास किंवा चार मासे धरण्यास माणसें थर्माकोलच्या तुकड्यावर, मोटारीच्या ट्यूबवर, प्रसंगीं गुळाच्या काहिलींतहि बसतात. ही गोष्ट जिवावरची आहे. म्हणून गांवच्या सुताराकडून करून घेतां येईल अशा साध्या लांकडी होडीची व तींतून करावयाच्या गळाच्या मासेमारीची माहिती येथें देण्याचें योजिलें आहे.

हा छंद आपल्या मुलखास नवा नाहीं

बाराव्या शतकांत हा प्रदेश कल्याणीच्या चालुक्यांच्या अमलाखालीं होता. ती कल्याणी म्हणजे आजच्या कर्नाटकांतील बसवकल्याण. आपल्या उमरग्याहून तें दूर नाहीं. तेथील राजा सोमेश्वर तिसरा यानें सुमारें ११३० सालीं ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ रचिला. त्यांत राजाच्या करमणुकींत गळानें मासे धरण्यासहि स्थान दिलें असून त्या प्रकरणास ‘मत्स्यविनोद’ असें नांव आहे. समुद्रांतले मासे व नद्यांतले मासे, खवल्यांचे व बिनखवल्यांचे, असे भेद करून कोणत्या माशास कोणता चारा घालावा, दोर कशाचा करावा, हें राजानें तपशिलानें सांगितलें आहे. पुढें त्याच बोरी नदीवर इब्राहिम आदिलशहा दुसरा याच्या कारकीर्दींत नळदुर्गाचा बंधारा व त्याच्या पोटांतला पाणीमहाल झाला. सारांश, पाणी अडविणें आणि पाण्याचा आनंद घेणें या दोन्ही गोष्टी आपल्या मातींत जुन्या आहेत.

कोंकणापासून काय घ्यावें

कोंकणांत गळास गरी म्हणतात. खाडीच्या तोंडाशीं लहान होडी नांगरून गरीनें मासे धरणारे हौशी लोक तेथें पुष्कळ आहेत. खाडीचा जिताडा खाऱ्या व गोड्या अशा दोन्ही पाण्यांत राहतो. रायगडकडील शेतकरी तो आपल्या तळ्यांत वाढवितात. त्या किनाऱ्यावर आंब्याच्या एका खोडाची कोरीव होडीहि करतात व ती कलंडूं नये म्हणून बाजूस उलांडी, म्हणजे तरंगतें आडवें लांकूड, बांधतात. तसलें जाड खोड आपल्याकडे दुर्मिळ, म्हणून आपण फळ्यांची होडी करावी.

समुद्राची होडी व तळ्याची होडी यांतला भेद मात्र ध्यानांत ठेवावा. समुद्रांत लांकूड पोखरणारे किडे असतात. गोड्या पाण्यांत त्यांचें भय नाहीं. उलट खारें पाणी लांकडास कुजण्यापासून थोडेंबहुत वांचवितें, गोडें पाणी वांचवीत नाहीं. पावसाचें पाणी होडींत सांचूं दिलें कीं बुडाच्या फळ्या आंतून सडूं लागतात. तसेंच खारें पाणी शेंकडा दोन-अडीच भाग अधिक जड असल्यामुळें गोड्या पाण्यांत तीच होडी किंचित् खोल बसते.

लांकूड

होडीस लागणारें बहुतेक सामान शेतकऱ्याच्या घरचेंच आहे. आंतील फांसळ्या, ज्यांस कोंकणांत वांक म्हणतात, त्या बाभळीच्या कराव्या. गाडी व औत यांसाठीं जी चिवट बाभूळ आपण वापरतों तीच येथें कामास येते. नैसर्गिक वळण असलेली फांदी निवडावी; सरळ लांकूड कापून वळण काढल्यास रेषा तुटते व तें तेथेंच मोडतें. तोडलेली बाभूळ कांहीं महिने पाण्यांत बुडवून ठेवावी व नंतर सावलींत वाळवावी, हा आपल्या सुतारांचा जुना नियम कीड टाळण्यास उत्तम आहे. फळ्यांस साग सर्वांत चांगला. तो न परवडल्यास आंबा चालतो. परंतु आंबा लवकर कुजतो, म्हणून त्यास तेल वरचेवर द्यावें लागतें. बाभळींतील तुरट द्रव्यानें साधे खिळे काळे पडून झिजतात, यास्तव जस्ताचा मुलामा दिलेले खिळे घ्यावे.

बांधणी

दोन-तीन माणसांस सपाट बुडाची होडी बरी. लांबी १२ फूट, मध्यावर बुडाची रुंदी ३ फूट, वरची रुंदी ४ फूट व बाजूंची उंची १६ इंच धरावी. प्रथम मधली चौकट उभी करावी. बाजूंच्या पाऊण इंची फळ्या तिच्याभोंवतीं वांकवून पुढें नाळेच्या उभ्या लांकडास व मागें आडव्या फळीस जोडाव्या. मग वांक बसवावे, सांगाडा पालथा घालावा आणि बुडास एक इंची फळ्या आडव्या ठोकाव्या. त्यांवर मध्यभागीं बाभळीची लांब पट्टी मारावी. तिच्यामुळें होडी सरळ चालते व घासली तरी बूड शाबूत राहतें. करवत, वांकस व पटाशी चालविणाऱ्या, गाडी बांधूं जाणणाऱ्या कारागिरास यांत अवघड असें कांहीं नाहीं.

ही होडी किती भार घेईल, याचा हिशेब सोपा आहे. एक घनफूट पाणी सुमारें २८ किलो भरतें. बुडाचें क्षेत्र सुमारें २५ चौरस फूट धरिलें तर होडी ४ इंच बुडाली असतां ८ घनफुटांहून थोडें अधिक पाणी सरकतें, म्हणजे एकंदर वजन सुमारें २३० किलो झालें. त्यांत होडीचें स्वतःचें वजन १०० किलोच्या आसपास जाईल; राहिलेल्यांत दोन माणसें बसतात. तिसरा बसला तर ती आणखी एक इंच खोल जाईल. याहून अधिक माणसें कधींहि घेऊं नयेत.

सांधे व तेल

फळ्यांच्या सांध्यांत पिळलेला कापूस बोथट पटाशीनें ठासावा व वरून राळ आणि तेल यांचें मिश्रण भरावें. जवस व करडई यांचीं तेलें हवेनें सुकून लांकडावर पापुद्रा धरतात. शेंगदाण्याच्या तेलांत हा गुण नाहीं. गरम तेलाचे तीन-चार हात द्यावे व प्रत्येक हात पुरता सुकूं द्यावा. तेलाचीं फडकीं ढीग करून ठेवूं नयेत. तीं आपोआप तापून पेट घेतात.

आपल्याकडील खरी अडचण कोरड्या वर्षांची. २०१६ सालीं मांजरेचें धरण आटलें आणि त्या एप्रिलांत लातुरास आगगाडीनें पाणी आणावें लागलें. अशा वर्षीं होडी उन्हांत पडली तर फळ्या आकसून सांधे उघडतात. ती दाट सावलींत, जमिनीपासून वर, ओंडक्यांवर पालथी ठेवावी. पुन्हा पाण्यांत घालण्यापूर्वीं दोन-तीन दिवस उथळ पाण्यांत बुडवून ठेवावी. लांकूड फुगून सांधे मिटतात. त्याआधीं तींत कोणीं बसूं नये.

गळ टाकणें

रोहू, कटला व मृगळ यांस पेंड आणि पीठ यांची गोळी, वाम व शिंगाड्यास गांडूळ लावावें. होडी बुडालेल्या जुन्या नदीपात्राच्या कडेस न्यावी व दोरास दगड बांधून स्थिर करावी. भेंडाचा तुकडा तरंगत ठेवावा. एकाच जागीं रोज थोडी पेंड टाकल्यास मासे त्या जागेस संवकतात. पहांट व सांज या वेळा उत्तम. मोठा मासा लागल्यास ओढूं नये. दोर सैल सोडून त्यास धांवूं द्यावें व दमल्यावर जवळ घ्यावें.

मरळ आपल्या पिलांची राखण करते. तांबूस पिलांचा पुंजका पृष्ठभागीं दिसला कीं खालीं आईबाप आहेत असें समजावें व तेथें गळ टाकूं नये; ते धरले तर सबंध वीण इतर माशांच्या पोटांत जाते. पावसाळ्याच्या आरंभीं अंड्यांवर आलेले मासे ओढ्यांच्या तोंडाशीं चढतात, तेव्हां तेथें हात आवरावा. कोंकणांतला कोळी नारळी पौर्णिमेपर्यंत समुद्र बंद ठेवतो, त्यांतलें शहाणपण हेंच आहे. आटत्या तळ्यांतील शेवटचा मासा काढणें म्हणजे बियाण्याची ज्वारी दळणें होय.

हक्क व सावधगिरी

धरणांतील मासे बेवारस नाहींत. बहुतेक ठिकाणीं ते धरण्याचा ठेका मच्छीमार सहकारी संस्थांकडे असतो व त्यांवर भोई बांधवांचा संसार चालतो. तेव्हां संस्थेची अनुमति व पाटबंधारे खात्याची परवानगी घेऊनच होडी पाण्यांत घालावी. हौसेसाठीं दुसऱ्याच्या ताटांतला घास घेऊं नये.

होडींत उभें राहूं नये. प्रत्येकानें तरंगण्याचें जाकीट घालावें. बैठकीखालीं घट्ट बुचाचे रिकामे डबे बांधावे, म्हणजे पाणी भरलें तरी होडी वर राहते. होडी उलटली तर पोहून कांठ गांठण्याची हिंमत न करितां तिलाच धरून राहावें. कांठ दिसतो त्याहून दूर असतो. वळवाच्या दिवसांत ढग जमतांच किनाऱ्यास यावें, कारण मोठ्या जलाशयावर वाऱ्यानें लाटा चढण्यास वेळ लागत नाहीं. धरणाच्या दरवाजांजवळ व सांडव्याजवळ कधींहि जाऊं नये.

बाभूळ, कापूस, जवस, करडई व गांवचा सुतार, एवढें ज्या गांवीं आहे त्या गांवास होडी दुर्लभ नाहीं. धरणाकांठच्या दोन-चार शेतकऱ्यांनीं मिळून येत्या उन्हाळ्यांत एक होडी बांधावी. तिच्यामुळें सुटीच्या सकाळीं करमणूक होईल, ताटांत मासा येईल. आणि पलीकडच्या शेतास जाणारा गडी थर्माकोलवर बसणार नाहीं, हा लाभ सर्वांहून मोठा समजावा.