अर्ज एकाचा, मत दुसऱ्याचे

इंग्लंडमध्ये २००१ पासून कोणत्याही मतदारास कारण न देता टपाली मतपत्रिका मागता येऊ लागली. सोय मोठी; पण अर्जावरील सही ताडून पाहण्यास नमुनाच नव्हता. २००४ च्या बर्मिंगहॅम महापालिका निवडणुकीत मतपत्रिका भलत्याच पत्त्यांवर मागविण्यात आल्या. २००५ मध्ये न्यायाधीश रिचर्ड मॉरी यांनी दोन प्रभागांतील निवडणूक रद्द ठरविली. २००६ च्या कायद्याने सही व जन्मतारीख आवश्यक केली. परंतु मूळ अर्जच बनावट असेल, तर ताडणीचा नमुनाही बनावटच ठरणार! म्हणून ऑक्टोबर २०२३ पासून टपाली तसेच प्रतिनिधीमार्फत मतदानाच्या अर्जावर राष्ट्रीय विमा क्रमांक मागून सरकारी नोंदींशी पडताळणी होते. भारतात प्रतिनिधीची सवलत २००३ पासून सेनादले व तत्सम दलांतील मतदारांपुरतीच आहे.