काजूच्या बोंडाचा रस : पोषणमूल्य व घरगुती उपयोग

काजूचे झाड पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात ब्राझीलमधून भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर आणले. आज कोकणातील वरकस जमिनीत व डोंगरउतारावर त्याच्या बागा पसरलेल्या आहेत. मात्र या बागांतून घरी येते ती बहुधा केवळ बी. फेब्रुवारी ते मे या हंगामात बी पिळून घेतल्यावर बोंड झाडाखालीच टाकले जाते व दोन दिवसांत कुजून जाते. गोव्यात बोंडे तुडवून रस काढण्याची व त्यापासून उर्राक आणि फेणी गाळण्याची परंपरा जुनी आहे. गोव्याच्या फेणीस 2009 साली भौगोलिक मानांकनही मिळाले. परंतु हाच रस न आंबवता ताजा घेतल्यास तो उत्तम पोषक पेय ठरतो, ही गोष्ट बागायतदार कुटुंबांच्या पुरेशी लक्षात आलेली नाही.

बोंड म्हणजे काय?

वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने काजूचे खरे फळ म्हणजे बी. बोंड हा फुगलेला व रसाळ झालेला देठ होय. वजनाने बोंड बियेच्या साधारण सहा ते आठ पट भरते. म्हणजे ज्या बागेत एक क्विंटल बी निघते, तेथे किमान सहा क्विंटल बोंडे तयार होतात. त्यांपैकी निम्मी जरी स्वच्छ व अखंड हाती लागली व त्यांतून शेकडा 60 प्रमाणे रस निघाला, तरी सुमारे 180 लिटर रस मिळतो. एवढे अन्न मातीत जाऊ देणे कोणत्याही कुटुंबास परवडणारे नाही.

रसातील पोषक द्रव्ये

या रसात सुमारे 85 टक्क्यांहून अधिक पाणी व 10 टक्क्यांच्या आसपास साखर असते. त्याचे खरे महत्त्व ‘क’ जीवनसत्त्वात आहे. 100 मिलिलिटर रसात हे जीवनसत्त्व साधारणपणे 200 मिलिग्रॅम किंवा त्याहून अधिक आढळते. संत्र्याच्या रसात ते सुमारे 50 मिलिग्रॅम असते. प्रौढ व्यक्तीची रोजची गरज 65 ते 80 मिलिग्रॅम धरली, तर अर्धा पेला ताजा रसही ती भागविण्यास पुरेसा होतो.

हिरड्या बळकट राहणे व जखमा लवकर भरून येणे या गोष्टी ‘क’ जीवनसत्त्वावर अवलंबून असतात. शिवाय नाचणी, कडधान्ये व पालेभाज्या यांतील लोह शरीरात शोषले जाण्यास ते मदत करते. रक्तक्षयाने पीडित असलेल्या स्त्रिया व मुले यांच्या आहारात या रसाला म्हणूनच विशेष स्थान आहे. मधुमेही व्यक्तींनी मात्र रसातील साखर विचारात घेऊन वैद्यकीय सल्ल्यानेच तो घ्यावा.

घशास लागण्याचे कारण व त्यावर उपाय

बोंड खाल्ल्यावर घसा धरतो, तो त्यातील टॅनिन या द्रव्यामुळे. टॅनिन लाळेतील प्रथिनांशी संयोग पावते व तोंड कोरडे पडते. हेच द्रव्य आहारातील लोहाच्या शोषणासही अडथळा करते. तेव्हा रस निवळून घेणे हे चवीइतकेच पोषणाच्या दृष्टीनेही आवश्यक आहे.

निवळण्याची रीत सोपी आहे. एक लिटर रसासाठी 5 ग्रॅम साबुदाण्याचे पीठ थोड्या पाण्यात शिजवून त्याची खळ करावी. ती पूर्ण थंड झाल्यावर रसात घालून नीट ढवळावी. रस झाकून थंड जागी, शक्य तर शीतकपाटात, गाळ तळाशी बसेपर्यंत स्थिर ठेवावा. नंतर वरचा निवळ रस हलक्या हाताने ओतून घ्यावा व स्वच्छ फडक्यातून गाळावा.

घ्यावयाची काळजी

1. पूर्ण पिकलेली, त्याच दिवशी पडलेली किंवा तोडलेली, न फुटलेली बोंडे घ्यावीत. बोंड 24 तासांच्या आत वापरावे. त्यानंतर ते आंबू लागते.

2. बियेच्या टरफलातील तेल दाहक असून त्याने ओठ व कातडी भाजते. म्हणून बी काढल्यावर बोंडाचा बियेकडील भाग कापून टाकावा व बोंडे भरपूर पाण्याने धुवावीत.

3. लोखंडी व तांब्याची भांडी वापरू नयेत. लोखंडाने रस काळवंडतो, तर तांब्यामुळे ‘क’ जीवनसत्त्वाचा नाश होतो. काचेची किंवा स्टेनलेस स्टीलची भांडी योग्य होत.

4. रस उकळू नये. उष्णतेने ‘क’ जीवनसत्त्व कमी होते.

घरगुती उपयोग

निवळ रसात किंचित मीठ व जिरेपूड घालून तो जेवणासोबत घ्यावा. लिंबाचा किंवा अननसाचा रस मिसळल्यास स्वाद वाढतो.

वर्षभरासाठी पाक करावयाचा असल्यास एक लिटर निवळ रसात दीड किलो साखर व 20 ग्रॅम सायट्रिक आम्ल घालून, न तापविता, साखर पूर्ण विरघळेपर्यंत ढवळावे व गाळून घ्यावे. टिकाऊपणासाठी दीड ग्रॅम पोटॅशियम मेटाबायसल्फाइट अचूक तोलून, थोड्या पाकात विरघळवून सर्वांत मिसळावे. उकळत्या पाण्यात निर्जंतुक करून वाळविलेल्या बाटल्यांत पाक भरावा. पिताना एका भागास तीन ते चार भाग थंड पाणी घ्यावे. दम्याच्या रुग्णांना गंधकयुक्त परिरक्षक बाधण्याचा संभव असल्याने त्यांनी ताजा रसच घ्यावा.

रस काढल्यावर उरलेला चोथाही टाकू नये. तो उन्हात वाळवून इतर खाद्यात थोड्या प्रमाणात मिसळल्यास गुरांना चालतो. अन्यथा त्याचे कंपोस्ट करावे.

‘वेंगुर्ला-4’ व ‘वेंगुर्ला-7’ यांसारख्या सुधारित जातींच्या लागवडीमुळे बियांचे उत्पन्न वाढले, तसा बोंडांचा साठाही वाढला आहे. बागायतदार कुटुंबांनी येत्या हंगामात निदान एका झाडाची बोंडे स्वच्छ गोळा करून हा प्रयोग घरी करून पाहावा. खर्च फक्त मूठभर साबुदाण्याचा आहे. लाभ मात्र घरातील मुलाबाळांच्या आरोग्याचा आहे.