मानसशास्त्रज्ञाकडे पहिल्यांदा जाताना

प्रस्तावना

समजा, यवतमाळची एक विद्यार्थिनी पदवीसाठी दिल्ली विद्यापीठात आली आहे आणि मुखर्जीनगरमध्ये खोली घेऊन राहते. तीन महिन्यांपासून तिला रात्री झोप लागत नाही, जेवण जात नाही, वर्गात जायची वेळ झाली की छातीत धडधडते. घरून फोन आला की ती ‘सगळं ठीक आहे’ म्हणते. मैत्रिणीने मानसशास्त्रज्ञाला भेटायला सुचवले आहे. पण तिच्यापुढे चार प्रश्न आहेत. कोणाकडे जायचे? तिथे काय विचारतील? घरी कळेल का? आणि मनातले परक्या भाषेत सांगता येईल का? या पाठात आपण हे चार प्रश्न क्रमाने पाहू.

१. कोणाकडे जायचे?

मनोविकारतज्ज्ञ हा वैद्यकीय पदवीधर असतो. एमबीबीएसनंतर त्याने मनोविकारशास्त्रात पदव्युत्तर शिक्षण घेतलेले असते आणि तो औषधे लिहून देऊ शकतो. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ मानसिक चाचण्या घेतो आणि संवादातून उपचार करतो; तो औषधे देत नाही. त्याची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते. नोंदणी क्रमांक विचारणे यात उद्धटपणा नाही, तो रुग्णाचा हक्क आहे. ‘समुपदेशक’ ही पाटी मात्र वेगवेगळ्या शिक्षणाचे लोक लावतात, म्हणून त्यांचे शिक्षण आणि अनुभव आधी विचारून घ्यावा.

दिल्लीत सरकारी सेवाही उपलब्ध आहेत. दिलशाद गार्डन येथील ‘इहबास’ ही संस्था १९९३ साली शाहदऱ्याच्या जुन्या मनोरुग्णालयातून उभी राहिली. तिथे बाह्यरुग्ण विभागात तपासून घेऊन त्याच दिवशी घरी परतता येते. ‘एम्स’मध्येही मनोविकार विभाग आहे, तर व्यसनाच्या प्रश्नासाठी ‘एम्स’चेच केंद्र गाझियाबादला आहे. सरकारी ठिकाणी खर्च कमी असतो, पण रांग मोठी असते. हाताशी वेळ ठेवून जावे. खासगी ठिकाणी एका भेटीचे शुल्क किती आणि भेट रद्द केली तर ते द्यावे लागते का, हे फोनवरच विचारावे.

२. पहिल्या भेटीत काय होते?

खासगी ठिकाणी पहिली भेट साधारण ४५ ते ६० मिनिटांची असते. तिचा उद्देश तुमची अडचण समजून घेणे हा असतो. त्रास केव्हा सुरू झाला, झोप आणि भूक कशी आहे, घरचे वातावरण, पूर्वीचे आजार, चालू असलेली औषधे, दारू किंवा तंबाखू, अशा गोष्टी विचारल्या जातात. ‘जीव द्यावासा वाटतो का?’ असाही प्रश्न येतो. तो सर्वांनाच विचारला जाऊ शकतो. त्याने दचकू नये आणि उत्तर लपवू नये.

कधी एखादी प्रश्नावली भरायला देतात. उदाहरणार्थ, ‘पीएचक्यू-९’मध्ये मागील दोन आठवड्यांविषयी ९ प्रश्न असतात आणि गुण ० ते २७ या दरम्यान येतात. हे गुण म्हणजे निदान नव्हे. पुढे काय तपासायचे याची ती खूण असते. थायरॉइडचा विकार किंवा रक्तक्षय यांमुळेही थकवा आणि उदासी येऊ शकते. म्हणून जुने तपासणी अहवाल असतील तर सोबत न्यावेत.

३. घरी कळेल का?

मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ हा कायदा २०१८ पासून लागू आहे. त्याच्या कलम २३ नुसार मानसिक आजाराची आणि उपचारांची माहिती गोपनीय ठेवणे हे आरोग्य व्यावसायिकांचे कर्तव्य आहे. याला ठरावीक अपवाद आहेत : कोणाच्या जिवाला धोका असणे, न्यायालयाचा आदेश, उपचारासाठी दुसऱ्या तज्ज्ञाला माहिती देण्याची गरज इत्यादी. वय १८ पूर्ण नसेल तर पालकांचा सहभाग लागतो. महाविद्यालयातील समुपदेशकाकडे जाताना ‘माझी नोंद कोण पाहू शकते?’ हा प्रश्न सुरुवातीलाच विचारावा.

४. मराठीत वाटते, हिंदीत कसे सांगू?

‘मला इथे करमत नाही’ या वाक्यात घराची ओढ आणि एकटेपणा दोन्ही आहेत. त्याच विद्यार्थिनीने हिंदीत ‘मन नहीं लगता’ म्हटले, तर ऐकणाऱ्याला अभ्यासात लक्ष लागत नाही असेही वाटू शकते. यावर सोपा उपाय म्हणजे भावनेच्या नावाऐवजी घडलेली गोष्ट सांगणे. ‘रात्री दोनपर्यंत जागी असते’, ‘आठवड्यात तीन दिवस वर्ग चुकवले’, ‘आईशी बोलून झाले की रडू येते’ ही वाक्ये कोणत्याही भाषेत नेमकी राहतात. भेटीआधी अशी पाच-सहा वाक्ये मराठीत लिहावीत, मग त्यांचे हिंदी किंवा इंग्रजी करावे. अडलेला मराठी शब्द तसाच उच्चारून समजावून सांगितला तरी चालतो.

बोलण्याची सुरुवात मराठीतूनच करायची असेल, तर १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झालेली ‘टेली मानस’ ही सरकारी सेवा १४४१६ या मोफत क्रमांकावर आहे. तिथे मराठीचाही पर्याय मिळतो. जीव देण्याचा विचार येत असेल, तर ठरलेल्या भेटीची वाट पाहू नये. लगेच जवळच्या माणसाला सांगावे, १४४१६ वर फोन करावा. धोका तातडीचा असेल तर ११२ वर फोन करावा किंवा रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागात जावे.

पहिल्या भेटीनंतर

एका भेटीत सगळे सुटत नाही. जुन्या जखमेवर बोलल्याने त्या दिवशी थोडे जड वाटणेही शक्य आहे. उठण्यापूर्वी दोन गोष्टी विचाराव्यात : तुम्हाला माझी अडचण काय वाटते आणि पुढे काय करायचे? दोन-तीन भेटींनंतरही मोकळे बोलता येत नसेल, तर तसे स्पष्ट सांगावे किंवा दुसरा तज्ज्ञ शोधावा. औषधे सुरू झाली असतील तर ती मनाने बंद करू नयेत.

सारांश

योग्य पात्रतेची व्यक्ती निवडणे, घडलेल्या गोष्टी लिहून नेणे, गोपनीयतेचे नियम विचारणे आणि पुढची दिशा समजून घेऊनच उठणे, एवढी तयारी पहिल्या भेटीला पुरेशी आहे. सगळे नीट सांगता यायलाच हवे असे नाही. ‘कुठून सुरुवात करू ते कळत नाही’ हे वाक्यही सुरुवात म्हणून चालते.

स्वाध्याय

१. मनोविकारतज्ज्ञ आणि चिकित्सा मानसशास्त्रज्ञ यांतील फरक स्पष्ट करा.
२. गोपनीयतेला कोणते अपवाद आहेत? ते का ठेवले असावेत?
३. ‘जीव घाबरा होतो’ ही तक्रार मराठी न जाणणाऱ्या तज्ज्ञाला तीन वाक्यांत कशी सांगाल?