आखूड नव्हे, अरुंद

पळस्पे फाट्यावरून पेणच्या रस्त्याला लागलेल्या पनवेलच्या अनेक सायकलस्वारांना कर्नाळ्याचा चढ येईपर्यंत गुडघ्यांचा नाही, चवड्याचा त्रास सुरू होतो. आधी मुंग्या, मग जळजळ, शेवटी बोटं बधिर.

चवड्यात पाच लांब हाडांची टोकं शेजारीशेजारी असतात आणि त्यांच्या फटींतून बोटांच्या नसा जातात. चालताना भार टाचेकडून अंगठ्याकडे सरकतो. पेडलवर तो सरकतच नाही. मिनिटाला ८० फेऱ्या धरल्या, तर तासाला ४,८०० वेळा त्याच जागेवर दाब येतो. त्यात आपल्याकडच्या दमट उकाड्यात पाय फुगतो. बूट अरुंद असला की हाडं जवळ ढकलली जातात आणि मधली नस चिमटते. बहुतेकदा तिसऱ्या-चौथ्या बोटांमधली.

दुकानात आपण सांगतो तो नंबर मात्र फक्त लांबीचा. ब्रिटिश मापात एका नंबराचा फरक म्हणजे इंचाचा तिसरा भाग, जेमतेम साडेआठ मिलिमीटर. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने डिसेंबर २०२१ ते मार्च २०२२ या काळात देशभरातल्या लाखाहून अधिक लोकांचे पाय मोजले. भारतीय पाऊल युरोपीय-अमेरिकी पावलापेक्षा रुंद निघालं, आणि त्यातून ‘भा’ ही देशी मापपद्धती सुचवली गेली. म्हणजे खोट आपल्या पायात नाही, बुटाच्या फरम्यात आहे. रुंदीसाठी एक नंबर मोठा घेण्याची आपली युक्तीही फसते: टाच आत खेळते, ती धरून ठेवायला नाडी आवळावी लागते आणि चवडा पुन्हा दाबला जातो.

बूट घ्यायला संध्याकाळी जा, सायकलवर घालता तेच मोजे घालून. बुटातला सुटा तळ बाहेर काढा, जमिनीवर ठेवा आणि त्यावर उभे राहा. करंगळीच्या बाजूने चवडा तळाबाहेर येत असेल, तर तो बूट नकोच, कितीही सवलत असली तरी. बुटाचा बाहेरचा तळ मात्र कडक हवा. धावण्याचे मऊ बूट छोट्या पेडलवर वाकतात आणि सगळा दाब एका पट्ट्यात गोळा होतो.

आहे तोच बूट वापरायचा असेल, तर नाडी बोटांकडची पहिली भोकं सोडून ओवा. क्लीट (बूट पेडलला अडकवणारी तळाखालची पट्टी) असल्यास ती दोन-तीन मिलिमीटर टाचेकडे सरकवा. सायकलवरून उतरल्यावरही बधिरपणा टिकत असेल, किंवा मधुमेह असेल, तर बूट बदलत बसू नका, आधी डॉक्टरांना पाय दाखवा.