दिव्यांची मिरवणूक आणि आठवणींची ठेव

सन २०२५ चा जून महिना. बडोद्यातील आमच्या शाखेत दुपारची गर्दी ओसरली होती. आमचे एक जुने मराठी ग्राहक, वय वर्षे ७८, मुदत ठेवीची पावती घेऊन माझ्या टेबलासमोर येऊन बसले. ‘‘मॅडम, ही ठेव मोडायची आहे,’’ असे म्हणून त्यांनी पावती पुढे सरकवली. मुदत संपण्यास अद्याप पाच महिन्यांचा अवकाश होता. मुदतीपूर्वी ठेव मोडली की ठेवीदाराचे व्याज बुडते. म्हणून कारण विचारणे हे आमचे कर्तव्यच. आजारपण, घरातील कार्य, छपराची दुरुस्ती अशी नेहमीची कारणे माझ्या मनात येऊन गेली. काका किंचित संकोचले आणि म्हणाले, ‘‘अमेरिकेत एक मिरवणूक बघायला जायचे आहे.’’

मी चकित झाले. मिरवणुकीसाठी सातासमुद्रापार? मग काकांनी जे सांगितले, त्यातून एका अनोख्या वादाची ओळख मला झाली. तो वाद वाचकांपुढे ठेवावा, यासाठी हा लेखनप्रपंच.

एक घर, तीन पक्ष

काकांची कन्या फ्लोरिडा राज्यातील ऑर्लॅंडो येथे स्थायिक आहे. वॉल्ट डिस्ने वर्ल्ड हे जगप्रसिद्ध मनोरंजन संकुल त्या शहरालगतच. २०१६ च्या मे महिन्यात काका आणि काकू तेथे गेले असता ‘मॅजिक किंगडम’ या उद्यानात त्यांनी रात्रीची ‘मेन स्ट्रीट इलेक्ट्रिकल परेड’ पाहिली. रस्त्यावरचे दिवे मंदावतात, संगीत सुरू होते आणि लाखो चिमुकल्या दिव्यांनी मढविलेले चित्ररथ अंधारातून एकामागून एक पुढे येतात. त्यातील हिरवा अजस्र ड्रॅगन पाहून काकू लहान मुलीसारख्या टाळ्या पिटू लागल्या होत्या. ‘‘पुन्हा एकदा यायचे हं,’’ असे त्यांनी तेथेच बजावले. परत आल्यावर त्यासाठी दोघांच्या नावे एक ठेवही ठेवली गेली. परंतु त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात मॅजिक किंगडममधील ती मिरवणूक बंद झाली. पुढे काकूही गेल्या. ठेव मात्र दरवर्षी नूतनीकरण होत राहिली.

घरात यावरून कायमचा वाद. काकूंचा पक्ष मिरवणुकीचा. जावईबापूंचा पक्ष ‘विशेस’ या आतषबाजीचा. ही आतषबाजी २००३ मध्ये सुरू झाली आणि २०१७ मध्ये थांबली. शिक्षणासाठी नव्याने अमेरिकेत आलेल्या जावईबापूंनी ती पहिल्याच वर्षी पाहिली होती. नातीचा पक्ष ‘हॅपिली एव्हर आफ्टर’ या २०१७ मधील कार्यक्रमाचा. त्यात आतषबाजीच्या जोडीला सिंड्रेलाच्या १८९ फूट उंच किल्ल्यावर प्रोजेक्टरच्या साहाय्याने चित्रे उमटतात. या तिन्ही पक्षांचे आजतागायत एकमत झालेले नाही. आणि काका सांगत होते, हा वाद केवळ त्यांच्या घरचा नव्हे. डिस्नेच्या उद्यानांवर प्रेम करणारी हजारो माणसे वर्षानुवर्षे हाच वाद घालत आली आहेत.

मिरवणुकीचा इतिहास

काका गेल्यावर कुतूहलापोटी मी या विषयाचा थोडा मागोवा घेतला. कॅलिफोर्नियातील मूळ डिस्नेलॅंड १९५५ मध्ये उघडले. तेथे इलेक्ट्रिकल परेड प्रथम निघाली ती १७ जून १९७२ रोजी. त्यामागे व्यवहार होता. संध्याकाळ झाली की कुटुंबे घरची वाट धरीत. ती रात्रीपर्यंत थांबावीत, यासाठी काही आकर्षण हवे होते. थांबलेले कुटुंब जेवते, मुलांना खेळणी घेऊन देते, हे निराळे सांगायला नको. मिरवणुकीसाठी ‘बरोक होडाउन’ ही १९६७ मधील इलेक्ट्रॉनिक रचना निवडली गेली आणि मिरवणूक व ती धून यांची जोडी अतूट झाली.

१९९६ च्या नोव्हेंबरात या मिरवणुकीला डिस्नेलॅंडमध्ये गाजावाजा करून निरोप देण्यात आला. तिचे दिवे आठवण म्हणून विक्रीस निघाले आणि लोकांनी ते हौसेने घेतले. तिच्या जागी १९९७ मध्ये ‘लाइट मॅजिक’ हा नवा कार्यक्रम आला. तंत्र अद्ययावत, खर्चही मोठा. परंतु निष्ठावंत प्रेक्षकांनी तो साफ नाकारला आणि काही महिन्यांतच तो गुंडाळावा लागला. जुनी मिरवणूक मात्र ‘कायमचा’ निरोप घेऊनही पुन्हा पुन्हा परतली. १९९९ मध्ये ती फ्लोरिडात निघाली, २००१ मध्ये कॅलिफोर्नियात मूळ उद्यानाशेजारच्या नव्या उद्यानात आली आणि २०१७, २०१९ व २०२२ मध्ये मर्यादित काळासाठी पुन्हा आपल्या जन्मस्थानी अवतरली. पन्नाशी साजरी करून २०२२ च्या सप्टेंबरात ती थांबली.

फ्लोरिडात तर आणखी एक उपपंथ आहे. १९९१ ते १९९९ आणि पुन्हा २००१ ते २०१० या काळात तेथे ‘स्पेक्ट्रोमॅजिक’ नावाची दुसरीच दिव्यांची मिरवणूक निघत असे. ज्यांचे बालपण त्या वर्षांत गेले, त्यांच्या मते खरी मिरवणूक तीच; इलेक्ट्रिकल परेड म्हणजे नुसती जुन्याची भलावण!

दोन्ही बाजूंचे युक्तिवाद

मिरवणूकप्रेमींचे म्हणणे असे, की आतषबाजी आभाळात होते आणि मिरवणूक आपल्या दारातून जाते. चित्ररथावरील पात्र मुलाकडे पाहून हात हलविते, तेव्हा त्या मुलाला वाटते, ते केवळ आपल्यासाठीच आले. रॉकेट कोणाकडे पाहत नाही. विरोधकांचे म्हणणे याच्या उलट. मिरवणुकीमुळे रस्ते अडतात आणि चांगली जागा मिळावी म्हणून तास-तासभर आधी पदपथाच्या कडेला ठाण मांडावे लागते. शिवाय चाणाक्ष मंडळी या वेळेचा निराळाच उपयोग करतात. सारी गर्दी मिरवणुकीकडे वळली, की पाळण्यांसमोरील रांगा आखूड होतात. तेव्हा मिरवणूक हवी, पण ती इतरांनी बघावी!

आतषबाजीच्या पक्षातही फूट आहे. जुन्या मताच्या लोकांना आभाळ उजळणारे शोभेचे दारूकाम हवे. ते उद्यानाच्या कोणत्याही कोपऱ्यातून, किंबहुना बाहेरूनही दिसते आणि त्यासाठी धक्काबुक्की करावी लागत नाही. किल्ल्यावर चित्रे उमटवायची म्हटले, की प्रत्येकाला किल्ल्यासमोरच उभे राहणे भाग पडते. मग पुढचा माणूस मुलाला खांद्यावर घेतो, दुसरा मोबाइल उंच धरतो आणि मागच्यांना त्या मोबाइलच्या पडद्यावरच किल्ला पाहावा लागतो. नव्या मताचे लोक विचारतात, की फटाके तर सर्वत्र उडतात. कथा सांगणारा किल्ला आणखी कोठे पाहायला मिळतो?

दारूकामाचा धूर आणि आवाज हा मुद्दाही जुना आहे. कॅलिफोर्नियातील डिस्नेलॅंड भरवस्तीला लागून आहे. तोफेप्रमाणे दारूने नळकांडी डागण्याऐवजी दाबाखालील हवेने ती वर फेकण्याचे तंत्र डिस्नेने विकसित केले आणि २००४ मध्ये ते जाहीर केले. त्यामुळे जमिनीलगतचा धूर घटला आणि स्फोटाची उंची व वेळ अधिक अचूक साधता येऊ लागली. अलीकडे ड्रोनचाही शिरकाव झाला आहे. २०२४ मध्ये पॅरिसच्या डिस्नेलॅंडने त्याच जुन्या इलेक्ट्रिकल परेडला मानवंदना म्हणून शेकडो ड्रोनांची मिरवणूक चक्क आकाशात काढली. आभाळ की रस्ता, या वादावर हा एक तोडगाच म्हणावा लागेल.

ग्राहकाचा कौल

बँकेत काम करणाऱ्या आम्हा लोकांना विशेष वाटावी अशी घटना पुढेच आहे. १ ऑक्टोबर २०२१ रोजी वॉल्ट डिस्ने वर्ल्डला ५० वर्षे झाली. या सुवर्णमहोत्सवासाठी ‘हॅपिली एव्हर आफ्टर’ बंद करून ‘एन्चांटमेंट’ हा नवा कार्यक्रम आणला गेला. चित्रे आता किल्ल्यावरून मेन स्ट्रीटच्या इमारतींवरही पसरली. पण चाहते नाराज झाले. ज्यांच्या कल्पनेतून हे सारे उभे राहिले, त्या वॉल्ट डिस्ने यांचा सुवर्णमहोत्सवी कार्यक्रमात उल्लेखही नसावा, ही त्यांची मुख्य तक्रार. २०२२ च्या ऑगस्टमध्ये वॉल्ट व त्यांचे बंधू रॉय यांच्यावरील नवा आरंभ जोडण्यात आला. अखेर ३ एप्रिल २०२३ रोजी ‘हॅपिली एव्हर आफ्टर’ परत आले. आणि रस्त्याच्या दुतर्फा चित्रे उमटविण्याची नवी सोय मात्र कायम राहिली. जुने परत आले, पण नव्यातील चांगले टाकून नव्हे.

शेजारच्या एप्कॉट उद्यानातही असेच घडले. तेथील तळ्यावर १९९९ ते २०१९ अशी वीस वर्षे चाललेल्या ‘इल्युमिनेशन्स’च्या आवृत्तीवर लोकांचा जीव होता. २०२१ मध्ये तेथे ‘हार्मोनियस’ आले आणि त्यासाठी तळ्यात प्रचंड तराफे कायमचे उभे राहिले. रात्री ते झगमगत. दिवसा मात्र तळ्याचे सौंदर्य झाकून टाकत. हा कार्यक्रम २०२३ च्या एप्रिलमध्ये थांबला आणि पुढे ते तराफेही हलविण्यात आले.

हे वाचताना मला आमच्याच शाखेतील एक प्रसंग आठवला. पासबुक छापण्याचे स्वयंचलित यंत्र बसविले, तेव्हा आम्हाला वाटले होते, ग्राहक खूश होतील. रांग संपली, वेळ वाचला. तरीही काही ज्येष्ठ ग्राहक खिडकीशीच येऊन उभे राहत. एक आजी म्हणाल्या, ‘‘यंत्र आकडे छापते गं, पण ‘कशा आहात’ असे विचारत नाही.’’ आम्ही यंत्र काढले नाही. त्याच्याशेजारी एक खुर्ची ठेवली आणि सकाळच्या वेळी एका सहकाऱ्याची तेथे नेमणूक केली. तक्रार यंत्राविषयी नव्हतीच, हे आम्हाला त्यानंतर उमगले.

डिस्नेप्रेमींच्या वादाचे मर्मही मला तेथेच सापडते. कोणता कार्यक्रम श्रेष्ठ, असे विचारले तर जो तो बहुधा त्याच कार्यक्रमाचे नाव घेतो, जो त्याने आपल्या माणसांसोबत प्रथम पाहिला. वाद दिव्यांचा दिसतो; असतो तो सोबतीचा. म्हणूनच तो युक्तिवादाने सुटत नाही आणि सुटू नये, असेच वादी-प्रतिवादी दोघांनाही मनातून वाटत असते.

ठेवीची मुदत

आता काकांकडे वळू. मॅजिक किंगडममध्ये २०१६ नंतर जवळजवळ नऊ वर्षे रात्रीची मिरवणूक निघाली नव्हती. २० जुलै २०२५ पासून ‘डिस्ने स्टारलाइट’ ही नवी मिरवणूक सुरू होणार, असे नातीने काकांना फोनवर कळविले होते. तिकिटाचे पैसे द्यायला मुलगी तयार होती. पण ‘‘हा खर्च त्याच ठेवीतून व्हायला हवा,’’ असा काकांचा आग्रह होता.

खरे सांगायचे, तर या वयात एवढा प्रवास आणि एवढा खर्च एका मिरवणुकीसाठी करावा का, असा प्रश्न माझ्या ओठांवर आला होता. तो मी गिळला. त्याऐवजी मी सुचविले, ‘‘काका, ठेव मोडू नका. तिच्या तारणावर कर्ज घ्या. नोव्हेंबरात मुदत संपली, की त्यातूनच कर्ज फिटेल आणि ठेवीचे व्याजही बुडणार नाही.’’ काकांनी दोन्ही बाजूंचे व्याज कागदावर मांडून पाहिले, मान डोलावली आणि अर्जावर सही केली.

नोव्हेंबरात ते हयातीचा दाखला देण्यासाठी आले, तेव्हा ठेवीचीही मुदत संपली होती. कर्जखाते बंद करून उरलेली रक्कम मी त्यांच्या बचत खात्यात जमा केली आणि न राहवून विचारले, ‘‘कशी होती मिरवणूक?’’

‘‘सुंदर होती. सप्टेंबरात पाहिली. रंग जास्त, पात्रेही नवी. आम्ही तासभर आधी जाऊन कडेला बसलो. नातीने सगळे मोबाइलमध्ये टिपले.’’ काका थोडे थांबले. ‘‘मिरवणूक संपल्यावर ती मला म्हणाली, आजोबा, आजीला ही आवडली असती का हो?’’

‘‘मग?’’

‘‘मी म्हटले, ती टाळ्या वाजवून बघितली असती, आणि घरी आल्यावर म्हणाली असती, जुनीच बरी होती. त्यावरून जावईबापू ‘विशेस’वर घसरले, नात तिच्या कार्यक्रमावर. रात्री साडेबारापर्यंत भांडत होतो आम्ही!’’

हे सांगताना त्यांचे डोळे लकाकत होते. मग त्यांनी चष्मा लावला, हयातीच्या दाखल्यावरील मजकूर नेहमीप्रमाणे शेवटपर्यंत वाचला आणि खाली आपली सही केली.